गव्हाणीतली तार, पोटातलं प्लॅस्टिक : नवा गोठा सुरू करणाऱ्यांसाठी

पहिली म्हैस दावणीला आली की चार जण चार गोष्टी सांगतात. ढेप कुठली घ्यावी, दूध कुठल्या डेअरीला घालावं, लाळ-खुरकुताची लस कधी टोचून घ्यावी. जनावर काय काय गिळू शकतं आणि त्यातलं काय त्याच्या जिवावर उठतं, हे मात्र क्वचितच कुणी बसून समजावतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज दोन-चार जनावरांवर दुधाचा धंदा धरणारी बरीच तरुण मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मुख्य म्हणणं असं आहे : उकिरड्यावरच्या पिशव्यांना आपण दोष देतो आणि तो खराही आहे, पण दावणीला बांधलेल्या जनावराच्या पोटात तार जाते ती आपण टाकलेल्या चाऱ्यातूनच. त्यामुळे ती थांबवणंही आपल्याच हातात आहे.

गाय-म्हैस तार थुंकून का टाकत नाही

गाय, म्हैस, बैल यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेने चाऱ्याला विळखा घालायचा, ओढायचा, अर्धवट चावायचा आणि गिळायचा, ही त्यांची रीत. नीट चावणं नंतर, रवंथ करताना. जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे एकदा तोंडात गेलेली वस्तू मागेच सरकते. शेळीचं वेगळं आहे. ती ओठांनी पान निवडून घेते, म्हणून तिच्या पोटात तार सापडणं विरळा. पण मिठाचा किंवा अन्नाचा वास लागलेली पिशवी शेळीही चघळते, त्यामुळे तिला निर्धास्त सोडू नका.

पोटाचे चार कप्पे असतात. डाव्या बाजूचा मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो. पिशव्या, दोऱ्या, चिंध्या तिथे तरंगत राहतात, कुजत नाहीत, पुढेही सरकत नाहीत. त्याच्या पुढच्या अंगाला जाळीपोट असतं. आतून त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात. खिळा, तार, सुई अशी जड वस्तू तिथे जाऊन पडते. जाळीपोटाच्या पुढे एक पातळ पडदा आणि त्या पडद्यापलीकडे काळीज, म्हणजे हृदय. जाळीपोट दर मिनिटाला आवळतं, आणि दर आवळीसरशी तारेचं टोक भिंतीत थोडं थोडं रुतत जातं. गाभण जनावरात शेवटच्या महिन्यांत वासराचा भार मागून दाबतो, वितानाच्या कळांत तो दाब आणखी वाढतो. म्हणून महिनोन्‌महिने निपचित पडलेली तार नेमकी विण्याच्या आगेमागे टोचते आणि मालक म्हणतो, कालपर्यंत चांगली होती.

पहिलं काम : कुट्टी यंत्राभोवती

अख्ख्या कडब्याच्या पेंढीत तार असली तर जनावर निदान ती बाजूला सारू शकतं. कुट्टी यंत्रातून गेलेल्या तारेचे मात्र बोटाएवढे टोकदार तुकडे होतात आणि बारीक चाऱ्यात ते ओळखू येत नाहीत. त्यामुळे सुरुवात इथून करा.

कडब्याची पेंढी पूर्वी ज्वारीच्याच ताटाने नाहीतर अंबाडीच्या सुतळीने बांधत. ते बंध चाऱ्याबरोबर पोटात गेले तरी पचायचे. आता पेंढीला नायलॉनची दोरी असते, आणि यंत्राने बांधलेल्या गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भुशाच्या गठ्ठ्यांना प्लॅस्टिकची सुतळी. नियम असा ठेवा : बंध कापायचा, ओढून पूर्ण बाहेर काढायचा आणि खिशात घालायचा. जमिनीवर टाकायचा नाही. जमिनीवर टाकलेला बंध सायंकाळी झाडूबरोबर चाऱ्यात परत येतो. भिंतीला एक खिळा ठोकून त्याला रिकामी गोणी लटकवा. दोऱ्या, तारा, सुया, टाचण्या, सगळं तिच्यात.

पेंढी यंत्रात घालण्याआधी झटकून घ्या. जिथे घराचं बांधकाम चालू आहे तिथे जास्तच जपा, कारण सळया बांधायची काळी बारीक तार वाळूबरोबर अंगणभर पसरते. ती मऊ असते, वाकते, चाऱ्यात गुंतते आणि सगळ्यात जास्त घात करते. खळ्यावरचा खराटा तारेने बांधलेला असेल तर ती तार काढून सुतळी बांधा.

यंत्राच्या तोंडाशी, जिथून कुट्टी खाली पडते त्या पत्र्यावर, एक जाड चुंबक बसवून घ्या. जुन्या मोठ्या स्पीकरमधलं गोल चुंबक भंगारात मिळतं, तेही चालतं. रोज फडक्याने पुसून काढा. पहिल्या आठवड्यात त्याला काय काय चिकटतं ते बघितलं की घरातलं कुणीही हे काम टाळणार नाही. पण तांबं आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, एवढं लक्षात असू द्या. विजेच्या वायरचे तुकडे डोळ्यांनीच वेचावे लागतात.

ढेपेच्या आणि पेंडीच्या पोत्यांचं तोंड शिवलेलं असतं. तो दोरा ओढल्यावर बरेचदा अर्धा हातात येतो, अर्धा ढेपेत पडतो. पोतं नेहमी रिकाम्या घमेल्यावर उघडा, गव्हाणीवर नको. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करत असाल तर बॅगेचा फाटका तुकडा आत राहिला नाही ना, ते उपसताना बघा. मुरघासाच्या खड्ड्यावर वजनाला जुने टायर ठेवायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. उन्हापावसाने टायर झिजला की त्यातल्या पोलादी तारा सुटतात आणि थेट मुरघासात पडतात. माती भरलेल्या गोण्या ठेवा. होळीत टायर जाळला असेल तर त्या जागेची राख शेणखताच्या ढिगावर आणू नका.

आणखी दोन वस्तू. एक, गोधडी शिवायची सुई : गोठ्याच्या ओट्यावर बसून गोधडी शिवणं आपल्याकडे घरोघरी चालतं, ते घरात बसून करा. दुसरी, इंजेक्शनची सुई. लस टोचायला डॉक्टर आले की गेल्यावर सुया मोजून उचलल्या का, हे विचारायला लाजू नका.

केळी, कपाशी आणि आपल्या पट्ट्यातलं प्लॅस्टिक

रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची निळी प्लॅस्टिकची पिशवी, घालतात. घड उतरल्यावर ती बॅग बांधावर पडते. उन्हाळ्यात हिरवा चारा आटला की आपण केळीची पानं आणि चिरलेलं खोड ढोरांपुढे टाकतो. त्याच बागेतून, त्याच गाडीतून. निळ्या बॅगेचे तुकडे, घड बांधलेली पट्टी आणि ठिबकच्या नळीचे कापलेले टोक त्यासोबत येतात. केळीचा पाला आणताना बागेत थांबून तो एकदा हाताखालून घाला. गोठ्यात आणल्यावर वेचू म्हणाल तर ते होत नाही.

एका म्हशीचं पोट उघडलेलं मी जवळून पाहिलं आहे. डॉक्टरांनी डाव्या कुशीत, म्हैस उभी असतानाच, भूल देऊन छेद घेतला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पहिल्यांदा हाताला आली ती दोरी. ती ओढत गेले तशी तिच्यामागे पिशव्या, स्कर्टिंग बॅगेच्या चिंध्या, दुधाच्या पिशवीचा कोपरा, सगळं एकमेकांत पिळलेलं, घट्ट, चिखलासारखं काळपट. घमेलं भरलं, दुसरं घ्यावं लागलं. दुधाच्या पिशवीवरची छपाई अजून वाचता येत होती. पोटातल्या आंबट रसात इतका काळ राहूनही प्लॅस्टिकचं काहीच झालं नव्हतं. ती म्हैस कित्येक महिने ‘अंगाला लागत नाही’ म्हणून जंताची औषधं घेत होती.

कपाशीत वेगळा धोका आहे. वेचणी संपली की पऱ्हाटीत ढोरं सोडायची आपली जुनी रीत. बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे (वासाने पतंग ओढून पकडणारे) तोवर शेतातच उभे असतात, त्यांची प्लॅस्टिकची पिशवी आणि बांधलेली तार दोन्ही ढोराच्या तोंडाच्या उंचीला. पिवळे चिकट सापळेही तसेच. ढोरं सोडण्याआधी एक फेरी मारून सगळे उतरवा. औषधाच्या पुड्या आणि बाटल्यांची झाकणंही त्याच फेरीत उचला. तिथे गिळण्याबरोबर विषबाधेचीही भीती आहे. मल्चिंग पेपर (जमीन झाकायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद) जिथे अंथरला होता ते शेत रोटाव्हेटरने फिरवण्याआधी कागद गोळा केला नसेल, तर त्या वर्षी तिथे ढोरं चारू नका.

सणासुदीचं खाणं

आखाजीला (अक्षय तृतीयेला) खान्देशात घरोघरी रस निघतो. कोयी आणि साली बादलीत घालून गायीपुढे ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कोय गुळगुळीत असते, न चावता घशात जाते आणि अन्ननळीत अडकते. साली द्या, कोयी नको. लग्नाच्या उरलेल्या अन्नाचं त्याहून वाईट. वरण-बट्टी, भात, पुरणपोळी असं पिठाळ अन्न एकदम जास्त मिळालं तर पोटात आम्ल तयार होऊन जनावर एका रात्रीत आडवं होतं, आणि ते अन्न बांधून फेकलेली पिशवी उघडता येत नसल्याने पिशवीसकट गिळली जाते. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, देशभरात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून. तरी मंगल कार्यालयामागचा उकिरडा बघा. गाईला अन्न घालायचंच तर ते पसरट घमेल्यात, हाताने कालवून, थोडं, चाऱ्याबरोबर घाला. पोळ्याला बैलांना बांधलेले फुगे, झालर, बेगडाच्या माळा त्याच रात्री उतरवा, नाहीतर शेजारचा बैल त्या रात्रभर चघळत बसतो.

जनावर नको ते चघळत असेल तर

चप्पल, हाड, कपडा, दोरी, माती असलं काही जनावर ओढून खायला लागलं की तोंडावर मारून भागत नाही. अंगात फॉस्फरस किंवा इतर क्षार कमी पडले, मीठ कमी पडलं, जंत झाले किंवा पोटाला पुरेसा वाळला चारा मिळाला नाही की ही ओढ लागते. मोठ्या दुभत्या जनावराला रोज 30 ते 50 ग्रॅम खनिज मिश्रण, वेगळं मीठ, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध सुरू करा. हाडं चघळणारं जनावर तर ताबडतोब दाखवा, मेलेल्या जनावराच्या हाडांतून जीवघेणी विषबाधा होते. लहान वासरं एकमेकांचे केस चाटतात, दोऱ्या चोखतात. त्यांच्यापुढे लवकर कोवळं गवत आणि मीठ-विटा ठेवा. आणि जुनी बॅटरी, मग ती ट्रॅक्टरची असो की इन्व्हर्टरची, गोठ्याच्या आसपास ठेवू नका. शिसं चाटून वासरू आंधळं होतं, झटके येऊन मरतं.

चुंबक गिळवणं

साधारण बोटाएवढं गुळगुळीत दंडगोल चुंबक डॉक्टर तोंडावाटे देतात. ते जाळीपोटात जाऊन बसतं आणि आयुष्यभर तिथेच राहतं. नंतर आलेली लोखंडी तार त्याला चिकटते, टोचत नाही. साधारण वर्ष उलटलेल्या कालवडीला, शक्यतो गाभण राहण्याआधी, द्यावं. देण्याआधी जनावर किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. स्वतः हाताने घशात ढकलू नका, श्वासनळीत जाऊ शकतं.

विकत घेतलेल्या जनावराला आधी चुंबक दिलं आहे का, हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर साधं होकायंत्र घ्या. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या अंगाला धरा. काटा फिरला तर आत चुंबक आहे. मात्र चुंबक म्हणजे कवच नव्हे. आधीच भिंतीत रुतलेली तार ते उपटत नाही, आणि प्लॅस्टिकला त्याचा काहीच उपयोग नाही.

रोज काय बघायचं

नव्या माणसाने तीन गोष्टी रोज बघायची सवय लावावी : गव्हाणीत उरलेला चारा, दुधाचं माप, आणि रवंथ. निवांत बसलेलं निरोगी जनावर एका घासाला साधारण 40 ते 70 वेळा चघळतं. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ दाबून धरली तर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट हाताला उचलल्यासारखं लागतं. हे निरोगी असताना करून बघा, म्हणजे आजारात फरक कळेल. थर्मामीटर घेऊन ठेवा. निरोगी जनावराचं गुदद्वारात मोजलेलं तापमान 101 ते 102 अंश फॅरेनहाइटच्या आसपास असतं.

तार टोचली की बदल एकदम होतो. सकाळी दूध निम्म्यावर किंवा त्याखाली. चाऱ्याला तोंड लावत नाही, रवंथ बंद. पाठ कमानीसारखी वर, पुढच्या पायांची कोपरं छातीपासून बाहेर काढलेली. बसायला टाळतं, बसलं तर कण्हतं. उतारावर पाय टाकायला तयार नसतं. शेण थोडं, कोरडं. ताप 103-104 पर्यंत. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून उचलली तर चांगलं जनावर पाठ खाली वाकवतं, दुखत असलेलं पाठ वाकवत नाही, कण्हतं.

यात एक फसवी जागा आहे आणि तिथे बरीच जनावरं गमावली जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनावर थोडं खायला लागतं, ताप उतरतो. घरचे म्हणतात, आते बरी शे (आता बरी आहे). आत मात्र तारेभोवती पू धरलेला असतो किंवा तार पुढे काळजाच्या वेष्टणात गेलेली असते. काही आठवड्यांनी गळपोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज येते, मानेची शीर जाड दोरीसारखी फुगून दिसते, थोडं चाललं तरी धाप लागते. तोवर उपचाराला फारसं काही उरत नाही. म्हणून पाचक पावडरीने दोन दिवसांत रवंथ परत आली नाही तर डॉक्टरांना सरळ विचारा, तार असेल का? तिसरा दिवस बघू नका.

प्लॅस्टिक हळूहळू मारतं. जनावर खातं पण कमी, मधूनमधून पोट फुगतं आणि आपोआप उतरतं, कधी पातळ तर कधी घट्ट शेण, खनिज मिश्रण देऊनही बरगड्या दिसतात. डाव्या कुशीत बोटं दाबली तर मळलेल्या पिठात रुतल्यासारखी खूण राहते. अशा जनावराला चौथ्यांदा जंताचं औषध पाजण्याआधी पोटाची तपासणी करून घ्या.

घशात अडकणं हे तिसरं, आणि त्यात तासांचा हिशोब असतो. मान लांब करून उभं राहणं, तोंडातून लाळ-फेस, खोकला, पाणी नाकातून परत येणं, आणि डावी कूस झपाट्याने फुगणं. ढेकर बाहेर पडत नाही म्हणून पोट फुगतं आणि श्वास कोंडून जनावर दगावतं.

डॉक्टर येईपर्यंत

1962 वर फोन लावा, हा पशुसंवर्धनाचा मोफत क्रमांक आहे, फिरतं पथक याच नंबरवरून येतं. तालुक्याचा दवाखाना जवळ असेल तर तिथेही कळवा. मोठी तपासणी किंवा ऑपरेशन लागलं तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची वाट धरावी लागते, म्हणून गाडीवाल्याचा नंबर आधीच ठेवा.

तारेचा संशय असेल तर जनावर फिरवू नका, पळवू नका, उतारावर नेऊ नका. पुढचे पाय वीतभर उंच राहतील अशी माती किंवा फळ्या घालून उभं करा. त्याने जाळीपोटावरचा भार मागे जातो. घशात अडकलं असेल तर चारा-पाणी दोन्ही काढून घ्या. आपल्याकडे अशा वेळी नळकांड्याने गोडेतेल पाजतात. ते फुफ्फुसात उतरतं आणि कोयीपेक्षा तेलाने जनावर मरतं. काठी, पाइप घशात घालू नका, अन्ननळी फाटते. आणि लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात तर कधीच नको. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं जनावरही असंच घशात काही अडकल्यासारखं करतं, आणि रेबीज लाळेतून होतो. ज्यांनी हात घातला असेल त्यांनी साबणाने धुऊन माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, जनावराचं निदान होण्याची वाट बघू नये.

मळ्यावरच्या कुत्र्याच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तोही ओढू नका, आतली आतडी चिरतात. तसाच दवाखान्यात न्या.

पोट उघडायची वेळ आली तर

या ऑपरेशनची लोकांना वाटते तेवढी भीती बाळगू नका. जनावर उभंच असतं, भूल फक्त डाव्या कुशीपुरती. काळजाला इजा होण्याआधी केलं तर बहुतेक जनावरं पुन्हा चाऱ्यावर येतात. उशीर केलेल्यात मात्र डॉक्टरही हात टेकतात, तेव्हा खर्चाचा विचार करत आठवडा घालवू नका.

पोट रिकामं झाल्यावर त्यातले चारा पचवणारे जंतूही कमी होतात. डॉक्टरांनी सांगितलं तर निरोगी जनावराची रवंथ किंवा पोटातला रस त्याला पाजतात, हा जुना आणि चांगला उपाय आहे. पहिले काही दिवस मऊ हिरवं गवत थोडं थोडं, पाणी भरपूर, ढेप बंद. जागा कोरडी ठेवा, माशा बसू देऊ नका, टाके साधारण 10 ते 14 दिवसांत काढतात. रोज टाक्यांच्या कडेने हात फिरवा. सूज, ऊब किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. आणि पोटातून निघालेलं सगळं घमेल्यात मांडून नीट बघा : त्यात कुठली दोरी, कुठली पिशवी, कुठली तार आहे ते कळलं की गोठ्यात ती कुठून येते हेही सापडतं, आणि दावणीच्या बाकीच्या जनावरांची तपासणी त्याच आठवड्यात करून घेता येते.